उकिरड्याचा पैसा व रिकामी ग्रामसभा

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद होते. १८८० सालीं लॉर्ड लिटनसाहेबांच्या स्वागतास रयतेच्या करांतून हजार रुपये खर्चावे असें ठरूं लागलें, तेव्हां ‘नाहीं’ म्हणणारे ते एकटेच निघाले.

आमच्या गांवांत असा एक तरी आहे काय? पंधराव्या वित्त आयोगानें २०२१ ते २०२६ सालांकरितां ग्रामपंचायतींस दिलेल्या पैशांतील शेंकडा ३० स्वच्छतेस बांधून ठेविले होते. मग गटार तुंबलेलें कां? कुंभारवाड्याच्या तोंडाशींच उकिरडा कां? (पाटलाच्या वाड्यापुढें तो कधीं दिसत नाहीं!) हें विचारण्याची जागा ग्रामसभा. तिला शेंकडा १५ किंवा १०० मतदार, यांत जो आंकडा कमी तेवढे हजर लागतात. आपण खुरपणीस जातों, भात्याशीं बसतों. सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेस ही अटच नाहीं! तेथें चार टाळकीं जमून सारा खर्च कायम करितात.

मायबहिणींनो, ग्रामसभेपूर्वीं तुमची निराळी सभा भरलीच पाहिजे, असा कायदा आहे. ती भरवून घ्या. आणि बंधूंनो, येत्या सभेस एक दिवस खुरपें खालीं ठेवा, गेल्या सालचें स्वच्छतेच्या खर्चाचें पत्रक मागा. तोंडी हिशेब घेऊं नका.