लघुग्रहांवर पहारा, पण अर्धाच

चिलीतील दुर्बिणीने २७ डिसेंबर २०२४ रोजी टिपलेला '२०२४ वायआर४' हा लघुग्रह सापडला, तेव्हा तो पृथ्वीला वळसा घालून दोन दिवस उलटले होते. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांवर पोहोचली. संभाव्य आघाताच्या पट्ट्यात अरबी समुद्र व दक्षिण आशियाही होता. पुढील निरीक्षणांनी पृथ्वीचा धोका टळल्याचे स्पष्ट झाले आणि वृत्तवाहिन्या दुसऱ्या विषयाकडे वळल्या. उशिरा लागलेल्या शोधाची चर्चा मात्र फारशी झालीच नाही.

लघुग्रहाची वाट बदलता येते, हे नासाच्या 'डार्ट' यानाने २६ सप्टेंबर २०२२ रोजी सिद्ध केले. सुमारे १६० मीटर व्यासाच्या डायमॉर्फसला धडक देऊन त्याचा परिभ्रमणकाळ अर्ध्या तासाहून अधिक घटवण्यात आला. तथापि, एका यशावर विसंबणे धोक्याचे आहे. धडकेचा परिणाम लघुग्रहाच्या घडणीवर अवलंबून असतो. २०२० मध्ये 'ओसायरिस-रेक्स' यानाचा हात बेन्नूला टेकला, तेव्हा पृष्ठभागाने जवळपास विरोधच केला नाही. तो खडक नव्हे, सैल दगडगोट्यांचा ढीग निघाला. त्यामुळे नमुने आणणाऱ्या मोहिमांना केवळ वैज्ञानिक कुतूहल म्हणता येणार नाही. डार्टच्या धडकेचा नेमका हिशेब मांडण्यासाठीच युरोपचे 'हेरा' यान ऑक्टोबर २०२४ मध्ये रवाना झाले.

खरी उणीव वेळेची आहे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर फुटलेला सुमारे २० मीटरचा अशनी सूर्याच्या दिशेने आला. जमिनीवरील एकाही दुर्बिणीला तो दिसला नाही. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, तेही बहुतांश खिडक्यांच्या काचांनी. ही आंधळी बाजू काही प्रमाणात भरून काढण्यासाठी नासाने 'निओ सर्व्हेयर' ही अवरक्त अवकाश दुर्बीण आखली आहे.

१३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून, म्हणजे भूस्थिर उपग्रहांच्याही आतून, सुखरूप जाणार आहे. बेन्नूचे नमुने पोहोचवल्यानंतर अमेरिकेचे यान त्याच्याच दिशेने वळवण्यात आले. इस्रोच्या तत्कालीन अध्यक्षांनीही २०२४ मध्ये या लघुग्रहाच्या भेटीची इच्छा बोलून दाखवली होती. अशा यानाला बांधणीसाठी वर्षे लागतात आणि अपोफिसचे वेळापत्रक लांबणीवर पडत नाही. बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे १.८ किलोमीटर रुंद विवर ज्या देशात आहे, त्या देशाने हा निर्णय इतका लांबवावा, हे अनाकलनीय आहे.