वृद्धांचा डेंग्यू : ज्वर उतरल्यावरच सावध व्हावे



पावसाळा सरत आला, सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की आपल्या वाशीम जिल्ह्यातील चिकित्सालयांत ज्वररुग्णांची गर्दी होते. त्यांत डेंग्यूचे रुग्णही असतात. पंचविशीतील तरुण आणि सत्तरी ओलांडलेले आजोबा यांच्या डेंग्यूकडे आपण एकाच दृष्टीने पाहतो, ही आपली मोठी चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणूनच हे लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी मालेगाव तालुक्यातील 74 वर्षांचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. चौथ्या दिवशी ज्वर उतरला. ज्वरमुक्ती झाली असे समजून मी लघु आहार सांगितला, अंगदुखीसाठी वेदनाशामक गोळी दिली आणि निश्चिंत झालो. घरची मंडळी शेतात, आजोबा घरी एकटे. दुसऱ्या दिवशी ते चक्कर येऊन पडले, तेव्हा त्यांना डांबरासारखे काळे शौचास होत असल्याचे सुनेच्या लक्षात आले. हृदयविकारासाठी ते रोज अ‍ॅस्पिरिन घेत होते. मी ते विचारलेच नव्हते. वेळेवर अकोल्यास पोचल्यामुळे ते वाचले. त्यात माझे श्रेय काही नाही.

ज्वराच्या संतापातून रक्तपित्त उद्भवते, हे चरकाचार्यांनी निदानस्थानात सांगितले आहे. चिकित्सास्थानात तर वृद्ध, व्याधींनी क्षीण झालेला आणि अन्न न घेणारा यांचे रक्तपित्त असाध्य गणले आहे. डेंग्यूने अंथरुणास खिळलेल्या वृद्धाचे हेच तंतोतंत वर्णन नव्हे काय? दुष्ट रक्त आरंभी अडवू नये, हा नियम आपणा सर्वांस पाठ आहे. परंतु तो ज्याचे बलमांस क्षीण झालेले नाही आणि जो जेवतो आहे त्याच्यासाठीच आहे, याचा विसर पडतो.

आधुनिक शास्त्रही सांगते की, डेंग्यूत तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ज्वर उतरू लागतो, तेव्हाच रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो. पुढील 24 ते 48 तास कसोटीचे असतात. वृद्धांत लक्षणे फसवी असतात. ज्यांचा रक्तदाब नेहमी 150 असतो, त्यांचा 110 झाला तर त्यास प्राकृत म्हणता येणार नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीची गती वाढू देत नाहीत; तेव्हा आपली नाडीपरीक्षाही चुकू शकते. 21 ऑक्टोबर 2012 रोजी चित्रपट निर्माते यश चोप्रा 80 वर्षांचे असताना मुंबईत डेंग्यूने गेले. महानगरात ही स्थिती, तर रिसोड-मानोऱ्याच्या खेड्यातील वृद्धाचे काय?

प्लेटलेटच्या आकड्याचाही आपण फार धसका घेतला आहे. सिंगापूर व मलेशियातील 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, संख्या 20,000 वा त्याहून कमी असलेल्या, पण रक्तस्राव नसलेल्या प्रौढांना आधीच प्लेटलेट दिल्याने रक्तस्राव टळला नाही. पपईच्या पानांच्या रसाने संख्या वाढल्याचे अहवाल आहेत. त्याने रक्तस्राव टळतो, हे सिद्ध झालेले नाही. उलट अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्याच्या प्लेटलेट संख्येने पुरेशा असूनही कार्यात दुबळ्या असतात.

म्हणून माझे नम्र निवेदन असे : प्रत्येक ज्वरग्रस्त वृद्धाची गोळ्यांची पिशवी उघडून पाहावी. मलाचा व मूत्राचा वर्ण रोज विचारावा. केवळ रुग्णास नव्हे, घरच्यांसही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांची गोळी वा इंजेक्शन देऊ नये. ज्वरासाठी योग्य मात्रेत पॅरासिटामॉल पुरे. उष्ण-तीक्ष्ण द्रव्ये व रक्तमोक्षण टाळावे. हृदयरोगाची गोळी स्वतःच्या अधिकारात बंद न करता त्या तज्ज्ञास तत्काळ विचारावे. पोटदुखी, वारंवार वमन, हिरड्यांतून रक्त, काळा मल, मूत्राल्पता वा गुंगी दिसताच रुग्ण मोठ्या रुग्णालयात पाठवावा.

रुग्ण पुढे पाठविल्याने आपल्या शास्त्रास कमीपणा येतो, असे काहींना वाटते. साध्यासाध्यत्व आधी जाणावे, मग चिकित्सा करावी, हीच शास्त्राज्ञा आहे. प्राचीन काळी जे असाध्य होते, ते आज रुग्णालयात वाचू शकते. मात्र ते ओळखण्याचे काम गावातील पहिल्या वैद्याचेच आहे.