बदकाच्या ताटलीतला कोंडा

छत्तीसगडातल्या भिलाईच्या सेक्टरांमधल्या जुन्या क्वार्टरांना मागे अंगण असतं, आणि अंगण असलं की मुलं कधीतरी बाजारातून बदकाची पिल्लं घेऊन येतातच. घरात तांदळाची ददात नाही. त्यामुळे पहिल्या दिवसापासून भात, पोळीचा कुस्करा, कधी पाव. पिल्लू आवडीने खातं, भराभर वाढतं, आणि दोन-तीन आठवड्यांनी एका सकाळी उठताना लटपटतं. पायाचा मधला सांधा सुजलेला असतो, नळी धनुष्यासारखी वाकलेली असते. मग ते पोटावर बसून पंखांनी पुढे सरकू लागतं. कुणाचा तरी पाय पडला असेल, असं घरचे म्हणतात. पण पुष्कळदा दुखण्याचं मूळ ताटलीत असतं. पिल्लाला नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, पुरलेलं नसतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९४ च्या तक्त्यात बदकाच्या पिल्लासाठी किलोभर खाद्यामागे ५५ मिलिग्रॅम नायसिन सांगितलं आहे. ब्रॉयलरच्या पिल्लाला ३५ पुरतं, अंडी देणाऱ्या जातीच्या पिल्लाला २७. कोंबडी ट्रिप्टोफॅन या प्रथिनातल्या घटकापासून थोडं नायसिन शरीरात बनवून घेते. बदकाला ते फारच कमी जमतं. म्हणून कोंबडीचं पिल्लू ज्या खाद्यावर तगून जातं, त्याच खाद्यावर शेजारचं बदक बसतं. बदक म्हणजे पाण्यात पोहणारी कोंबडी नव्हे, हे दुकानदारापासून घरातल्या आजीपर्यंत सगळ्यांनी एकदा मनावर घ्यायला हवं.

पांढऱ्या तांदळाने पक्ष्यांचे पाय घालवण्याची गोष्ट जुनी आहे. १८९० च्या सुमारास, आजच्या जाकार्तात आणि तेव्हाच्या बटाव्हियात, ख्रिस्तियान आइकमन हा डच डॉक्टर बेरीबेरी या आजाराचं कारण शोधत होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक झोकांड्या खाऊ लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केल्यावर कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात मिळत होता. नवा स्वयंपाकी आला, लष्कराचा भात बाहेरच्या कोंबड्यांना द्यायला त्याने नकार दिला, आणि कोंबड्या परत कोंडा न काढलेल्या तांदळावर आल्या. दाण्यावरून निघालेल्या कोंड्यात काहीतरी आहे, हे तिथून उमगत गेलं. आइकमनला १९२९ साली नोबेल मिळालं. त्या कोंबड्यांना ब-१ कमी पडलं होतं, आपल्या पिल्लाला ब-३ कमी पडतं. दोन्ही दाण्याच्या एकाच सालीत असतात.

मग भाताऐवजी ज्वारी टाकू, असं आपल्या मराठी घरात पहिल्यांदा सुचेल. पण दख्खनच्या ज्वारीवर जगणाऱ्या गरीब माणसांत पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या अभावाचाच आजार, आढळत होता, आणि हैदराबादच्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतल्या जादा ल्यूसिनशी, म्हणजे प्रथिनातल्याच दुसऱ्या एका घटकाशी, जोडून दाखवला होता. मक्यातलं नायसिनही बरंचसं बांधलेलं, शरीराला न लागणारं असतं. एकट्या धान्यावर बदक उभं राहत नाही, मग ते धान्य कुठलंही असो.

तरीही शतकानुशतकं बदकं उभी होती. कारण त्यांना कुणी एकट्या धान्यावर ठेवलं नव्हतं. छत्तीसगड हा तळ्यांचा मुलूख. दुर्ग जिल्ह्यातल्या धमधा गावाबद्दल लोक 'छै आगर छै कोरी' तळी सांगतात. सहा आणि सहा वीस, म्हणजे १२६. आपल्या भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव याच संस्कृतीचे. अशा तरियात, म्हणजे तळ्यात, उतरलेलं बदक घोंघी, म्हणजे गोगलगायी, खातं, किड्यांच्या अळ्या खातं, पाण्यावर तरंगणारा हिरवा पाला गाळून घेतं, आणि कापणीनंतर बांधीत सांडलेलं धान टिपतं. केरळात कुट्टनाडचे बदकवाले अजून हेच करतात: हजारो बदकांचे कळप कापलेल्या भातखाचरांतून चारत नेतात. प्रथिनं, नायसिन, कॅल्शियम हे सगळं चिखलात होतं. खाद्य 'निवडायचं' असतं, हा प्रश्नच कुणाला पडला नव्हता.

तो प्रश्न भिलाईत केव्हा निर्माण झाला, ते जवळजवळ तारखेने सांगता येतं. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला. तेव्हा भिलाईच्या दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरहूनच चालत होता. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. धानाच्या शेतांच्या जागी आखीव सेक्टर उभे राहिले. तांदुला धरणाचं पाणी मरोदा जलाशयात आलं आणि तिथून कारखान्यात गेलं. या शहराने देशभरातून आलेल्या माणसांना, त्यात आपलीही असंख्य घरं आली, घर, शाळा आणि इस्पितळ दिलं, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण क्वार्टरच्या अंगणात नळ आला, तरिया आली नाही. तळ्यातलं बदक आपलं आपण जेवत होतं. अंगणातल्या बदकाच्या पोटात जे जातं, ते माणसाच्या हातून जातं, आणि म्हणून त्याच्या मोडलेल्या पायांची जबाबदारीही माणसावर येते.

हातातलं सगळ्यात स्वस्त खाद्य म्हणजे कनकी, म्हणजे तांदळाचा चुरा, आणि कोंडा. राइस मिलच्या मुलखात राहून कोंडा न वापरणं हा करंटेपणा ठरेल. पण कच्चा कोंडा दळल्याबरोबर आतून बिघडू लागतो: त्यातलं तेल काही दिवसांतच खवट होतं. उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळाचा कोंडा आधी वाफ लागलेली असल्यामुळे जास्त टिकतो, अरव्याचा, म्हणजे न उकडलेल्याचा, कमी. मिलमधून ताजा आणावा, थोडाच आणावा, आणि वास बदलला की टाकून द्यावा. ताटलीत त्याचा वाटा चौथाईच्या वर नको, कारण त्यात तंतू आणि खनिजं अडवून धरणारं फायटेट बरंच असतं.

कोंड्यापेक्षा मोठी भीती पेंडीची आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाच्या वर टर्की पक्षी मेले, बदकांची पिल्लंही मेली. रोग सापडेना, म्हणून त्याला 'टर्की एक्स' असं नाव पडलं. शेवटी धागा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा-पेंडीपर्यंत पोचला. तिच्यावर अस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती आणि तिने विष सोडलं होतं. त्यालाच आज अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते शोधताना शास्त्रज्ञांनी चाचणीसाठी एक दिवसाची बदकाची पिल्लंच वापरली, कारण इतक्या थोड्या विषाने इतक्या लवकर यकृत बिघडणारा प्राणी त्यांना दुसरा मिळाला नाही. हे वाचताना मला दर वेळी कसंतरी होतं. ज्या पिल्लाच्या यकृताने जगाला हे विष ओळखायला शिकवलं, त्याच्याच पुढे आपण पावसाळ्यात दमट पोत्यातली शेंगपेंड टाकतो. हा धोका पक्ष्यांपुरताही थांबत नाही: १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून जास्त आदिवासी माणसं दगावली.

म्हणून घरच्या बदकांसाठी शेंगपेंड मुळीच नको, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रथिनांसाठी सोयाबीनची पेंड घ्यावी. छत्तीसगडात सोयाबीन नवं नाही. मका घ्यायचा तर कोरडा, फुटका दाणा नसलेला. बुरशीचा वास आला तर धुऊन, वाळवून, उकळून चालवू नये. हे विष उकळून जात नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत पिल्लाला २० ते २२ टक्के प्रथिनं लागतात, पुढे १६ च्या आसपास. आपल्याकडे बदकाचं तयार खाद्य सहज मिळत नाही, त्यामुळे बहुतेकांना कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर घ्यावं लागतं. चालतं, पण कॉक्सिडिओसिसचं औषध न घातलेलं बघून घ्या, आणि वर यीस्टची भुकटी किंवा शिजवलेले वाटाणे द्या. लेअर मॅश स्वस्त दिसलं तरी पिल्लांना देऊ नका. अंडी देणाऱ्या मादीसाठी घातलेलं कॅल्शियम पिल्लाच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. कोरडं पीठ चोचीत चिकटतं, निम्मं वाया जातं, म्हणून पाण्याने ओलसर करून द्यावं आणि उरलेलं संध्याकाळी फेकावं. शेजारी डोकं बुडेल इतक्या खोल पाण्याचं भांडं हवंच. आणि भिलाईच्या मैत्रीबाग प्राणिसंग्रहालयातल्या तळ्याशी पावाचे तुकडे टाकणाऱ्या मुलांना प्रेमाने थांबवावं.

उरला तो दुकानाचा प्रश्न. खाद्याचं पोतं येतं ५० किलोचं. चार बदकं पाळणारा दोन किलो सुटं घेतो. प्रथिनं किती, औषध कोणतं, तयार केल्याची तारीख कुठली, हे सगळं पोत्याच्या चिठ्ठीवर असतं आणि चिठ्ठी दुकानातच राहते. सुटं विकणाऱ्याने ती चिठ्ठी उघड्या पोत्यावर दिसेल अशी लावावी, एवढी मागणी ग्राहकाने आग्रहाने केली पाहिजे. दुसरी मागणी दुर्गजवळच्या अंजोऱ्याच्या कामधेनू विद्यापीठाकडे. पशुवैद्यक तिथे शिकवलं जातं आणि राइस मिली चहूकडे आहेत. इथला उसना कोंडा, इथली कनकी, इथलं सोयाबीन आणि टाकीत वाढवता येणारी अझोला ही पाणवनस्पती यांचं बदकासाठी नेमकं प्रमाण त्यांनी एका पानावर हिंदीत आणि छत्तीसगढीत छापून द्यावं. ते पान भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारात पिल्लांच्या टोपलीशेजारी ठेवलेलं असावं, म्हणजे घेणाऱ्याला पैसे देण्याआधीच वाचता येईल.