पोरखेळ नेमका कोणता?

सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग खेळातून शिकवा म्हटलं की आक्षेप ठरलेला: हा पोरखेळ झाला, नोकरीत क्लायंट काही पत्ते पिसत बसत नाही. यातलं अर्धं मला मान्य आहे. व्हिडिओ संपवला की गुण, पाच संपवले की बॅज, शेवटी कुणाचा कितवा नंबर ही यादी; कंपन्यांच्या ट्रेनिंगमधला हा प्रकार पोरखेळच. त्यात निर्णय कुठलाच घ्यावा लागत नाही, म्हणून त्याला मी खेळही म्हणणार नाही.

'प्रॉब्लेम्स अँड प्रोग्रॅमर्स' हा पत्त्यांचा डाव मात्र खेळ आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या बेकर, नव्हारो आणि व्हॅन डर हूक यांनी २००३ मध्ये तो मांडला. दोन खेळाडू, दोघंही प्रोजेक्टचे प्रमुख. ठरलेल्या बजेटात प्रोग्रॅमर नेमायचे, गरजा आणि आराखडा लिहायचा, कोड उभा करायचा, तपासायचा. घाईचा कोड लवकर होतो, पण दोषही त्यातच जास्त. लिखापढी टाळलीत की समोरचा नेमकं तिथेच अडचणीचं पान टाकतो. आपल्याकडची पोरं पेपरात 'डॉक्युमेंटेशनचे महत्त्व' लिहून गुण घेतात आणि स्वतःच्या प्रोजेक्टचा रिपोर्ट आदल्या रात्री उरकतात. टाळाटाळीची किंमत त्यांना कुणी मोजायला लावलेलीच नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: खेळात हरलं तर बिघडतं काय? काहीच नाही, आणि म्हणूनच तो हवा. गूगलमध्ये 'व्हील ऑफ मिसफॉर्च्यून' खेळतात. एकजण जुना बिघाड पुन्हा उभा करतो, दुसऱ्याने ड्यूटीवर असल्यासारखं सांगायचं: आधी काय बघशील, मग काय करशील? तिथे चुकलं तर फार तर हसं होतं, सर्व्हर बसत नाही. नवख्याचा पहिला बिघाड रात्री दोन वाजता, खराखुराच असावा, हा हट्ट कशासाठी?

काही खेळ तर थेट कामातच मुरलेत. जेम्स ग्रेनिंगने २००२ मध्ये मांडलेल्या प्लॅनिंग पोकरमध्ये प्रत्येकजण काम केवढं याच्या अंदाजाचा पत्ता पालथा ठेवतो आणि सगळे एकदम उघडतात. साहेबांचा आकडा आधी कळत नसल्याने त्यामागे धावता येत नाही. सगळ्यांचे ३ आणि ज्युनिअर मुलीचा १३ आला, तर तिला कारण विचारावंच लागतं. जुन्या डेटाबेसची भानगड बहुधा तिलाच ठाऊक असते. 'मोकळेपणाने बोला' या विषयावरच्या व्याख्यानांनी हे घडलेलं मी पाहिलेलं नाही. अर्थात मॅनेजरने तोच आकडा मुदत म्हणून क्लायंटला कळवला, तर पुढच्या खेपेला सगळेच १३ टाकतील.