अणू दिसला म्हणजे नक्की काय दिसलं?

मंडळी, आजचा विषय लोखंडी आहे. पण शेवटी गाडी आपल्याच, म्हणजे सॉफ्टवेअरच्या स्टेशनात येणार आहे, तेव्हा जरा धीर धरा.

क्रँकशाफ्ट, गिअर, साचे अशा घासून झिजणाऱ्या वस्तू बऱ्याचदा नायट्राइड करतात. म्हणजे भट्टीत ५०० ते ५५० अंश सेल्सिअसला अमोनियामध्ये तासन्‌तास ठेवायच्या. अमोनिया पृष्ठभागावर फुटतो आणि नायट्रोजनचे अणू पोलादात शिरतात. आत क्रोमियम, अ‍ॅल्युमिनियम अशी मंडळी टपून बसलेलीच असतात. ती नायट्रोजनला पकडतात आणि नायट्राइडचे बारीक कण तयार होतात. मेटलर्जीवाले त्यांना प्रेसिपिटेट म्हणतात. जर्मनीत क्रुप कंपनीत अडॉल्फ फ्रायने १९२० च्या दशकात यासाठी खास क्रोमियम-अ‍ॅल्युमिनियमची पोलादं बनवली. अशा पोलादाचा पृष्ठभाग १००० विकर्सच्या आसपास कडक होतो. म्हणजे फंडा जुना आहे, शंभर वर्षं चालतोय.

मग नवीन काय? तर हे कण फक्त काही नॅनोमीटरचे असतात, आणि सगळी गंमत त्यांच्या सीमेवर आहे. क्रोमियम नायट्राइडचा कण म्हणजे एक चपटी तबकडी. तबकडीच्या पसरट बाजूने तिच्या अणूंची जाळी लोखंडाच्या जाळीशी जवळजवळ जुळते, फरक फक्त २ टक्क्यांच्या आसपास. जाडीच्या दिशेने मात्र अजिबात जमत नाही. दोघांना एकत्र नांदायचं तर आजूबाजूचं लोखंड ताणलं जाणारच. हा ताणच पोलादाला वाकू देत नाही. म्हणजे ताकद कणात जेवढी आहे त्याहून जास्त कण आणि लोखंड यांच्यातल्या भांडणात आहे!

आता एक जुनं कोडं. लोखंड-क्रोमियमचा तुकडा नायट्राइड करण्याआधी आणि नंतर वजन करा. एका क्रोमियमला एक नायट्रोजन, अधिक लोखंडात विरघळलेला थोडासा, असा हिशोब मांडा. वजन हिशोबापेक्षा जास्त भरतं. हा वरकड नायट्रोजन बसतो कुठे? जागा तीनच : कणाच्या आत, कणाच्या सीमेला चिकटून, किंवा ताणलेल्या लोखंडात. आता हा काही नुसता विद्वानांचा टाइमपास नाही. कणात पक्का बांधलेला नायट्रोजन तिथेच राहतो, पण सीमेवरचा आणि ताणलेल्या लोखंडातला फिरता असतो. कडक थर किती खोल जाईल ते त्याच्यावर ठरतं. तोच कधी एकत्र येऊन नायट्रोजन वायू बनतो आणि पोलादात बारीक पोकळ्या पाडतो.

मग सरळ बघूनच घ्या ना! बघायचं यंत्र आहे : अ‍ॅटम प्रोब. याचा पूर्वज फील्ड आयन मायक्रोस्कोप. त्यातून १९५५ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात एर्विन म्युलर आणि कंवर बहादूर यांनी टंगस्टनचे सुटे अणू पहिल्यांदा पाहिले. (हो, एक भारतीय विद्यार्थी. हे आपल्या शाळेच्या पुस्तकात का नाही, देव जाणे.) १९६७ मध्ये म्युलरच्या गटाने त्याला प्रत्येक अणूचं वजन ओळखण्याची सोय जोडली. आज आपल्याकडे आयआयटी मद्रासमध्येही असं यंत्र आहे. पोलादाची सुई करायची, टोक १०० नॅनोमीटरच्या आसपास. ती थंडगार करून हजारो व्होल्ट लावायचे आणि टोकावरचे अणू एकेक करून उडवायचे. अणू डिटेक्टरवर कुठे आपटला आणि पोचायला किती वेळ लागला, एवढंच मोजायचं. यावरून कॉम्प्युटर अख्खी सुई पुन्हा रचतो. लाल ठिपके क्रोमियम, हिरवे नायट्रोजन. चित्र बघून माणूस खल्लास!

आणि माझा मुद्दा इथेच सुरू होतो. हे चित्र म्हणजे फोटो नाही. तो एका प्रोग्रामचा आउटपुट आहे.

यंत्राला अणूचं नाव कळत नाही, वजन भागिले विद्युतभार एवढाच आकडा कळतो. लोखंडाचे शंभरातले जवळपास ९२ अणू ५६ वजनाचे. त्यातला एखादा दोन भार घेऊन उडाला की आकडा २८. नायट्रोजनचे दोन अणू जोडीने एकच भार घेऊन उडाले की तेही २८. म्हणजे ज्याला शोधायचंय तो चोर पोलिसाच्याच गणवेशात फिरतोय. पोलादात सिलिकॉन असेल तर १४ च्या आकड्यावरही हाच घोळ. शिवाय सगळे अणू नोंदलेच जात नाहीत. चांगल्या यंत्रावर शंभरातले ऐंशी, काहींवर निम्मेच. तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. नायट्राइड आणि लोखंड वेगवेगळ्या फील्डला उडतात, त्यामुळे नेमके सीमेजवळचे अणू तिरके जातात आणि एकमेकांच्या हद्दीत पडतात. कणाच्या आत लोखंड दिसलं, तर ते खरंच तिथे होतं की शेजारून घुसलं? वरकड नायट्रोजनचा अख्खा वाद ज्या जागेवर आहे, नेमकी तीच जागा यंत्राला धूसर दिसते!

यावर वर टोकाची त्रिज्या, फील्ड फॅक्टर, इमेज कॉम्प्रेशन असे आकडे माणसाने ठरवून भरायचे असतात. ते बदला, तबकडी जाड किंवा पातळ होते. आपल्या धंद्यात कोणी कोड, इनपुट आणि सेटिंग न देता नुसता स्क्रीनशॉट पाठवला आणि म्हणाला 'चालतंय', तर आपण काय म्हणतो? मग इथे रंगीत ठिपक्यांवर एवढा विश्वास का?

कोणी म्हणेल, शंभर वर्षं भट्टीवाले कडकपणा मोजून माल पाठवताहेत, अणू बघून काय लोणचं घालायचंय? कबूल, रोजच्या कामाला विकर्सचं मशीन पुरतं. पण आता नवीन पोलाद सिम्युलेशनवर ठरवायचा जमाना आहे. सीमेचा चुकीचा आकडा एकदा मॉडेलमध्ये शिरला की तो पुढे सगळीकडे जातो, आणि तिथे त्याला कोणी विचारत नाही की बाबा रे, तू आलास कुठून.

म्हणून माझी मागणी साधी आहे. अ‍ॅटम प्रोबचं चित्र छापायचं तर सोबत कच्चा डेटा आणि रचनेचे आकडे द्या. २८ च्या ढिगातून नायट्रोजन कसा वेगळा काढला ते लिहा. सीमेबद्दल दावा असेल तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची साक्षही जोडा, कारण त्याच्या खोडी वेगळ्या आहेत. दोन वेगवेगळ्या खोडीचे साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले, की मग म्हणा 'दिसलं'. तोपर्यंत 'आमच्या प्रोग्रामने असं काढलं' एवढंच म्हणा. त्यात कमीपणा काहीच नाही.