भाड्याच्या खोलीपर्यंत सौरवीज पोहोचवा: वस्त्यांतील वीजग्राहकांचे निवेदन

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई

विषय: चाळी, झोपडपट्ट्या व भाड्याच्या खोल्यांतील कुटुंबांना सौरऊर्जेचा लाभ आणि परवडणारी वीज मिळण्याबाबत.

महोदय,

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राची पीएम सूर्यघर मोफत वीज योजना सुरू झाली. तरतूद 75,021 कोटी रुपयांची, उद्दिष्ट एक कोटी घरांचे. एक किलोवॅटला 30,000 रुपये आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला 78,000 रुपये अनुदान मिळते. पुढे राज्यानेही दारिद्र्यरेषेखालील आणि कमी वीज वापरणाऱ्या ग्राहकांसाठी त्यात भर घातली. योजनेबद्दल तक्रार नाही. मात्र प्रत्यक्षात तिचा लाभ ज्याचे छत त्यालाच मिळतो.

एक किलोवॅटच्या संचाला सावली न पडणारी सुमारे 100 चौरस फूट जागा लागते. झोपडीचा पत्रा तेवढा भार पेलत नाही, चाळीचे छप्पर सामाईक असते आणि भाडेकरूच्या डोक्यावरचे छत मालकाचे. 2011 च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील सुमारे 42 टक्के लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. अनुदानाची रक्कम कितीही वाढवली, तरी या घरांची अडचण सुटत नाही.

बिलाकडे पाहिले तर दुसरी अडचण दिसते. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाचा सवलतीचा दर महिन्याला 30 युनिटपर्यंतच्या वापरासाठी आहे. 75 वॅटचा एक पंखा रोज दहा तास चालला, तर त्यातली साडेबावीस युनिट त्यालाच लागतात. उरलेल्या साडेसात युनिटांत दिवे, टीव्ही आणि मोबाइलचे चार्जिंग कसे बसवायचे? वर घरगुती बिलावर 16 टक्के वीज शुल्क आहेच.

स्मार्ट मीटरसोबत दिवसाची वीज स्वस्त होत आहे. सौर तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान 20 टक्के कमी असावा, असा केंद्राचा 2023 चा नियम आहे. पण धुणीभांडी करणाऱ्या बाई आणि नाक्यावरचे मजूर त्या वेळी कामावर असतात. त्यांचा पंखा आणि दिवा लागतो तो अंधार पडल्यावर.

भाडेकरूंचे हाल आणखी वेगळे. अनेक ठिकाणी खोलीमालक सबमीटर लावून मनाला येईल त्या दराने पैसे घेतो. वास्तविक वीज कायदा 2003 च्या कलम 43 नुसार मालकाप्रमाणेच जागेत राहणाऱ्यालाही जोडणी मागता येते.

छताविना सौरवीज देण्याचा मार्ग उपलब्ध आहे. दिल्लीच्या नियामक आयोगाने 2019 मध्ये आभासी नेट मीटरिंगची मार्गदर्शक तत्त्वे काढली: प्रकल्प एका जागी उभा राहतो आणि त्याची वीज ठरलेल्या प्रमाणात अनेकांच्या बिलांतून वजा होते. सूर्यघर योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनाही ही पद्धत मान्य आहे.

म्हणून ग्राहकांच्या मागण्या अशा:

1. महापालिका शाळा, मंडया व बस आगारांच्या छतांवर सामाईक सौर प्रकल्प उभारून त्यांची वीज आभासी नेट मीटरिंगने जवळच्या वस्त्यांतील ग्राहकांच्या बिलांत जमा करावी. ग्राहकाकडून आगाऊ रक्कम घेऊ नये.
2. सवलतीच्या दराची 30 युनिटांची मर्यादा 100 युनिटांपर्यंत वाढवावी आणि तेवढ्या वापरावरील वीज शुल्क माफ करावे.
3. भाडेकरूला स्वतःच्या नावाने मीटर मिळावा. मालकाची संमती नाही, एवढ्याच कारणाने अर्ज परत करू नये.
4. निम्म्याहून कमी वीज घेणारे बीएलडीसी पंखे बिलातल्या हप्त्यांवर द्यावेत.
5. दिवसाच्या सवलतीचा फायदा न मिळणाऱ्या अल्प वापराच्या ग्राहकांवर रात्रीचा वाढीव दर लावू नये.
6. दरवाढीवरील जाहीर सुनावणी वस्त्यांजवळ, संध्याकाळी आणि मराठीतून व्हावी.

पहिल्या मागणीसाठी प्रत्येक वीज कंपनीच्या क्षेत्रात किमान एक वस्ती निवडून येत्या आर्थिक वर्षात काम सुरू करावे. त्याचे वेळापत्रक ठरवण्यासाठी ग्राहकांच्या प्रतिनिधींना बैठकीची वेळ द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
वस्त्यांतील समस्त वीजग्राहक

प्रत माहितीसाठी: महावितरण, बेस्ट, टाटा पॉवर व अदानी इलेक्ट्रिसिटी