सिलिंडरचें सोवळें

गतांकीं विहिरीवरील हातपंपाच्या चामडी वॉशरविषयीं लिहिलें होतें. त्याच वॉशरचा एक थोरला भाऊ आज आमच्या भिवंडी तालुक्यांत जागोजाग राबत आहे. या महिन्यांत त्याची ओळख करून घेऊं. माणकोली, राहनाळ, पूर्णा या बाजूस भाताच्या खाचरांवर गोदामें उभीं राहिलीं, तेव्हांपासून माती खणणारें पिवळें यंत्र हें येथील नित्याचें दृश्य झालें आहे. त्याचें शास्त्रोक्त नांव बॅकहो लोडर. परंतु जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराच्या नांवाचीं आद्याक्षरें, म्हणजे जेसीबी, हेंच आपल्याकडे त्या जातीच्या सर्व यंत्रांचें नांव होऊन बसलें आहे. कर्ज काढून असें यंत्र घेणारीं आणि तें भाड्यानें देणारीं एकत्र कुटुंबें आमच्या पाहण्यांत आहेत. यंत्र थांबलें तरी बँकेचा हप्ता थांबत नाहीं. म्हणून सिलिंडरमधून तेल गळूं लागलें, कीं 'सील आपणच घरीं बदललें तर?' असा प्रश्न घरांतील शिकलेल्या मुलांस सुचतो. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तोच विचारला आहे. उत्तर होकारार्थी आहे. परंतु त्यास अटी आहेत.

या यंत्राची शक्ति इंजिनांत उत्पन्न होते खरी, पण बकेटपर्यंत ती तेलाच्या वाटेनें जाते. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा फ्रेंच पंडित पास्कल याचा सतराव्या शतकांतील सिद्धान्त आपण सर्वांनीं शाळेंत घोकला आहे. येथें तो दाब दर चौरस सेंटिमीटरास २०० किलो व त्याहूनहि वर जातो. सिलिंडरचा आंतील व्यास १० सेंटिमीटर धरला, तर पिस्टनचें क्षेत्रफळ सुमारें ७८.५ चौरस सेंटिमीटर भरतें, आणि त्यावर पडणारा भार साडेपंधरा टनांहून अधिक होतो. एवढा भार पेलतांना पोलादी पिस्टन व पोलादी नळी यांमधील फट बुजविण्याचें काम करतें तें रबराचें, पॉलियुरेथेनचें किंवा टेफ्लॉनचें एक कडें. तेंच सील.

ही युक्ति जुनी आहे. जोसेफ ब्रामा यानें १७९५ सालीं इंग्लंडांत पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचें पेटंट घेतलें. त्यांतील अडचण अशी होती, कीं फट घट्ट आवळावी तर दांडा हालेना, आणि सैल सोडावी तर पाणी गळे. त्याच्या कारखान्यांतील तरुण कारागीर हेन्री मॉडस्ले यानें त्यावर तोड काढली, असें मानतात. चामड्याची वाटी अशी बसवावयाची, कीं तिचा कांठ दाबाच्या बाजूस तोंड करून राहील. दाब वाढला कीं कांठ आपणच फांकून भिंतीस चिकटतो. दाब उतरला कीं ढिला पडतो. हातपंपाचें वॉशर याच तत्त्वावर चालतें, आणि जेसीबीच्या दांड्यावरील सीलहि. म्हणूनच असें सील उलटें बसविलें, तर तें नवें कोरें असूनहि व्यर्थ होय.

आतां निदान. दांडा जेथून बाहेर येतो त्या तोंडाशीं तेल ओघळत असेल, तर ग्लँडमधील सील गेलें असें समजावें. बाहेर थेंबहि दिसत नाहीं, पण उचलून धरलेला बूम हळूहळू खालीं येतो, तर दोष पिस्टनच्या सीलचा असूं शकेल. तसाच तो व्हॉल्व्हचाहि असूं शकेल, म्हणून सिलिंडर उघडण्यापूर्वीं जाणत्या मिस्त्रीकडून खात्री करून घ्यावी. शिवाय सील अकालीं फाटलें, तर फाडणारा कोण तें आधीं शोधावें. दांड्यावरून नख फिरवून पाहावें. तें कोठें अडकलें, तर तेथें चरा किंवा गंज आहे, आणि नवें सीलहि थोड्याच दिवसांत जुन्याच्या वाटेनें जाईल. दांडा वांकला असला तरी तीच गत. अशा वेळीं दांड्याची दुरुस्ती आधीं व सील मागाहून.

खोलण्यापूर्वीं यंत्र सपाट जमिनीवर उभें करावें, बकेट पूर्ण टेंकवावी, इंजिन बंद करावें व तेल निवूं द्यावें. इंजिन बंद झालें म्हणजे दाब गेला, असें मात्र नव्हे. सर्व लिव्हर दोन्ही बाजूंस अनेक वेळां फिरवून कोंडलेला दाब सोडावा लागतो. बूमखालीं भक्कम लांकडी ठोकळे द्यावे. डोळ्यांवर चष्मा घालून होजचे नट हळूहळू ढिले करावे. सिलिंडर अवजड असतो. तो चेन-पुलीनेंच उतरवावा. अडकलेला पिस्टन बाहेर काढण्यास कॉम्प्रेसरची हवा कदापि वापरूं नये. तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो.

येथून पुढचें काम बळाचें कमी आणि सोवळ्याचें अधिक आहे. सोवळ्यांत स्वयंपाक करणारी आजी बाहेरचा स्पर्श चुलीपर्यंत येऊं देत नसे; तेलाच्या या संस्थेंत बाहेरची धूळ त्याच कटाक्षानें वर्ज्य करावी. डोळ्यांस न दिसणारा कणहि पिस्टनबरोबर हजारों वेळां मागेंपुढें जाऊन नळीस ओरखडे पाडतो. म्हणून सिलिंडर उघडण्यापूर्वीं तो बाहेरून धुवावा, होजचीं तोंडें झांकावीं, आणि रस्त्याच्या कडेला न बसतां बंद खोलींत धुतलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडावर काम करावें. प्रत्येक कडें काढण्यापूर्वीं मोबाइलवर त्याचें छायाचित्र घ्यावें, व कडीं निघतील त्याच क्रमानें ताटांत मांडावीं. सीलचा संच यंत्राचा क्रमांक सांगूनच आणावा. नुसत्या डोळ्यांच्या मापावर विसंबूं नये. जुनें कडें उपसतांना स्क्रू-ड्रायव्हरनें खांच ओरबाडूं नये. बोथट लांकडी काडी घ्यावी. नवें सील स्वच्छ हायड्रॉलिक तेलांत बुडवून, काजूच्या गरासारखें हलकेंच दुमडून खांचेंत बसवावें. आट्यांच्या धारेनें तें कापूं नये म्हणून आट्यांवर टेप गुंडाळावी. पिस्टनचा मोठा नट मात्र पुस्तकांत सांगितलेल्या मापानेंच आवळावा लागतो. तसा पाना घरीं नसेल, तर तेवढें काम वर्कशॉपमध्यें करवून घेण्यांत कमीपणा नाहीं.

जोडणी झाल्यावर इंजिन मंद ठेवून, भार न देतां, सिलिंडर अनेकदां सावकाश पूर्ण लांबवावा व आखडावा, म्हणजे आंतील हवा निघून जाते. मग टाकींतील तेल पाहून कमी असल्यास भरावें.

गळती राहिली कीं काय हें पाहतांना हात मुळींच लावूं नये. ही सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. होजला सुईएवढें छिद्र असलें, तर त्यांतून उडणारी धार दिसत नाहीं, पण ती कातडी भेदून मांसांत शिरते. जखम टोंचल्यासारखी दिसते, आरंभीं फारशी दुखतहि नाहीं, आणि कांहीं तासांत आंतील मांस मरूं लागतें. अशा जखमेनें लोकांचीं बोटें, क्वचित् हातहि, गेलेले आहेत. म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा पुढें धरून गळती शोधावी. दुर्दैवानें धार लागलीच, तर घरगुती मलमपट्टींत वेळ न दवडतां तत्काळ मोठ्या रुग्णालयांत जावें, आणि 'दाबाखालील तेल आंत गेलें आहे' हें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें.

पावसाळ्यांत खणण्याचें काम मंदावतें, तेव्हां ही दुरुस्ती करणें सोयीचें. त्या दिवसांत जे दांडे आखडून ठेवतां येतील ते आखडावे, आणि जे उघडे राहतील त्यांस ग्रीस लावावें. नाहींतर दमट हवेनें त्यांवर गंजाचे ठिपके पडतात. एक नियम मात्र घरांतील वडीलधाऱ्यांनीं बारा महिने पाळवून घ्यावा. रात्रीं यंत्र अंगणांत आलें, कीं बकेट जमिनीवर टेंकली आहे ना, हें स्वतः पाहिल्याशिवाय दार लावूं नये. उचललेली बकेट नुसत्या तेलावर आणि त्या कड्यावर तोललेली असते, आणि सकाळीं तिच्या सावलींत पोरें खेळतात.